उकळलेला चहा

प्रिय तेजू,

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. बोलायला लागले की मला रडू येतं आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहितेय. मला सातवा लागलाय, पाय सुजतात, जयदीपची कंपनीत सेकंड शिफ्ट चालू आहे. सासूबाई माझ्यावर आणि गोठ्यातल्या गाईंवर सारखंच लक्ष ठेवून असतात. कधीकधी हाकही एकाच सुरात मारतात.

त्या सकाळी तू गोठ्यात आलीस तेव्हा काय आनंद झाला होता मला! हातमोजे, मास्क, बर्फाचा डबा, सगळा सरकारी थाट. संत तुकाराम नगरात आपण दोघी पिशवीच्या दुधावर वाढलो. गाय जवळून पाहिली ती मी लग्न होऊन चाकणजवळच्या या गावात आले तेव्हा, आणि तू तर गुरांची डॉक्टरच झालीस. सासूबाईंना मी पुन्हा पुन्हा सांगत होते, ही माझी मैत्रीण. बांधापलीकडच्या शेडमधल्या कोंबड्या नुकत्याच पटापट मेल्या होत्या. त्यासाठी आलीस का गं, असं मी विचारलंही. तू म्हणालीस, छे, कासेच्या सुजेची तपासणी आहे, नेहमीचीच. मग प्रत्येक गाईचं दूध तू वेगळ्या नळीत घेतलंस आणि मी तुझं कौतुक करत उभी राहिले.

तेवढ्यात सासूबाईंनी रोजच्यासारखा धारोष्ण दुधाचा पेला पुढे केला. "पी गं, पोराला ताकद येतीया." मग तुला म्हणाल्या, "डाक्टरीणबाई, तुमीबी घ्या." कच्च्या दुधाच्या वासानं मला मळमळतं, हे तुला ठाऊक आहे. मी तुझ्याकडे पाहिलं. वाटलं, डॉक्टर आहे, सोडवील मला. तू हसलीस आणि म्हणालीस, "मला चहाच करा मावशी, चांगला उकळून." मी नाक धरून पेला रिकामा केला, तेव्हा तू नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होतीस.

मंगळवारी तुझा फोन आला. काय खूश होतीस! विजू, सुटलो गं, एकाही गाईच्या दुधात बर्ड फ्लू नाही. मी म्हटलं, बर्ड फ्लू? मग तू सांगत गेलीस. परदेशात गाईंना झालाय, कच्च्या दुधात सापडलाय, रिपोर्ट येईपर्यंत बोलायचं नाही असा वरून हुकूम होता, नाहीतर घबराट होऊन डेअरीनं गावाचं दूध बंद केलं असतं. तेही पटलं मला. पण रिपोर्ट येईपर्यंत रोज सकाळी मी तो पेला पीत होते, तेजू. रोगाचं नाव घ्यायचं नव्हतं, नसतं घेतलंस. गरोदर बाईनं कच्चं दूध पिऊ नये, एवढं तरी सांगायचंस! त्याला कुणाचा हुकूम आडवा येत होता?

चौथीत तुला कांजिण्या आल्या तेव्हा सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं तू खिडकीतून ओरडली होतीस, विजे, वर येऊ नकोस, तुला होतील! तीच तू. मला फसवलंस याचं एवढं नाही वाटत, पण समोर उभी राहून पिऊ दिलंस. आणि स्वतःचा चहा मात्र उकळून घेतलास. हे काही केल्या माझ्या घशाखाली उतरत नाही.

रविवारी माझं डोहाळजेवण आहे. सासूबाईंनी तुला बोलावलंय, ओटी भरायला तूच पहिली हवीस म्हणतात. त्यांना मी काही बोललेले नाही, जयदीपलाही नाही. दवाखान्यातल्या बाईंचं नाव पुढे करून घरातलं आणि शेजारपाजारचं कच्चं दूध तेवढं बंद करवलं. खरं सांगितलं तर या गावात एकही गोठा तुला आत घेणार नाही, आणि पुढच्या महिन्यात तुला पुन्हा नमुने घ्यायचे आहेत. ते घेतलेच पाहिजेत, एवढं मला कळतं. म्हणजे आता तुझ्यासाठी मीही गप्प बसलेय. पण तुझ्या हातून ओटी भरून घेणं मला जमणार नाही. म्हणून हे पत्र. रविवारी येऊ नकोस. सासूबाईंना कारण काय द्यायचं ते तूच शोध, तुझ्यावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे.

तुझीच, असं अजून हातून लिहिलं जातंय,
विजू