सौरभच्या गाडीतला लाल दिवा

मंगळवार, संध्याकाळ
वृंदावन योजना वसाहत

समोरच्या सौरभची गाडी आज पुन्हा सुरू झाली नाही. बरं झालं! स्वतःच्या हाताने गाडीत सबवूफर बसवल्यापासून त्याने आमच्या खिडक्या थरथरवून सोडल्या आहेत. आमच्या यांची बायपास झाली आहे, आवाज कमी कर, म्हटलं तर म्हणतो, "आंटी, कान में रुई डाल लीजिए."

आज तोच बॉनेट उघडून उभा. किल्ली त्याच्या हातात, आणि सीटखाली सबवूफरचा लाल दिवा मिणमिणतोय. टेलिफोन खात्यात नोकरी केलेल्या बाईला आणखी काय सांगायला हवं? स्टिरिओ बंद झाला की वूफरही बंद करणारी बारीक तार त्याने स्टिरिओऐवजी सरळ बॅटरीला जोडली आहे. वूफर रात्रभर जागा राहतो आणि बॅटरी पिऊन टाकतो.

सांगावं का? एक तार हलवायचं काम.

"बैटरी पुरानी हो गई है ना, आंटी?"

"हाँ बेटा, पुरानी तो है।"

स्कूटरवरून नवी आणायला गेला. तीही अशीच मरेल. आज गाडी बंद, म्हणून हे दुपारी शांत झोपले होते.

तरी तो लाल दिवा डोळ्यांसमोरून हलत नाही. शाळेत सिस्टर म्हणायच्या, खोटं बोलू नका. मी कुठे बोलले? बॅटरी जुनीच आहे.