कुठे जाणार ते लिहायचं

५ जानेवारी, रविवार

उड्डाण रद्द. धुकं! शुक्रवारी कॉलेज सुटलं की एसटीने आंबा घाट चढायचा, इथे फ्लाइंग क्लबात पत्र्याच्या शेडखाली चहा ढोसत बसायचं आणि रविवारी परत रत्नागिरी. वर्गातला अभय म्हणतो, मेकॅनिकलचं तिसरं वर्ष काय कमी पडतं तुला, वर विमान कशाला? शिष्यवृत्ती मिळाली म्हणून, असं सांगतो मी. आईलाही तेच सांगितलंय.

११ जानेवारी, शनिवार

वीस मिनिटं उडालो. शेजारी शिकवणाऱ्या हेतल मॅडम. उतरल्यावर फाडून खाल्लं मला. उडण्याआधी वहीत लिहायचं असतं — कुठे जाणार, कधी परतणार. मी तो रकाना कोराच ठेवला होता.

"विसरलो," म्हटलं.

"हे विसरायचं नाही. उद्या परत आला नाहीस तर तुला शोधायचं कुठे? इथे लिहिलं असेल तिथेच ना?"

वही तशीच टाकून शेडबाहेर गेलो. मॅडमना वाटलं, विमान लागलं.

१२ जानेवारी

आईचा फोन. "निहार, जेवलास काय?" जेवलो म्हटलं. जेवलो नव्हतो.

१९ जानेवारी, रविवार

उद्या फ्लुइड मेकॅनिक्सची चाचणी. पुस्तक उघडं आहे आणि डोक्यात बाबा. एकदाचं लिहूनच टाकतो.

आमच्याकडे मासा कुठे लागतो ते कुणी कुणाला सांगत नाही. जेटीवर विचारलंच तर उलटी दिशा सांगायची. बाबा तर यात पक्के! जायचे दक्षिणेला, पावस गावाच्या पुढे, पाण्याखालच्या एका खडकापाशी. सांगायचे वेळणेश्वर, म्हणजे थेट उत्तरेला. मी दहावीत होतो तेव्हा मला होडीतून तिथे नेलं. "ही जागा तुझी नि माझी. आईला पण बोलू नको हां." किती फुशारलो होतो मी.

दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात वारा अचानक फिरला आणि बाबा संध्याकाळी आले नाहीत. एकटेच गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस साहेब वही घेऊन जेटीवर आले. बाबांचं नाव घेऊन विचारलं, रावजी कुठे गेलेला? सगळी जेटी कान देऊन उभी. मला वाटलं, बाबा दुपारपर्यंत येतील, होडी भरून येतील, आणि जागा फोडली म्हणून माझ्यावर डाफरतील. मी म्हटलं, वेळणेश्वराकडे.

दिवसभर शोधाचं विमान उत्तरेला घिरट्या घालत होतं. मी जेटीवर उभा राहून बघत होतो. तोंड उघडलं नाही. पुढच्या सकाळी पावस गावाच्या पुढे होडी सापडली, उलटी. मग विमान तिकडे गेलं. बाबा सापडलेच नाहीत.

वर्षभर त्या विमानवाल्यांना मनात शिव्या दिल्या. ते बिचारे मी सांगितलं तिथेच शोधत होते. उडायला शिकतोय ते यासाठी. आता शिकून काय होणार, ते विचारू नये. आईसमोर बसून जेवताना घास उतरत नाही, एवढं मात्र खरं.

२० जानेवारी

चाचणीत दोन प्रश्न सोडवले. बाकी कागद कोरा.

१ फेब्रुवारी, शनिवार

मॅडम म्हणाल्या, पुढच्या रविवारी एकटा जाशील. आईला फोन केला. तिने विचारलं, "पाण्यावरनं जातंय काय ते?"

नाही म्हटलं. इथे समुद्र कुठला!

९ फेब्रुवारी, रविवार

गेलो एकटा. आधी वहीत लिहिलं — धावपट्टीला एक फेरा, बारा मिनिटांत परत. अक्षर नीट काढलं.

वळताना खाली धरण दिसलं. माझी नजर पाण्यावर उलटी होडी शोधायला लागली. घाटावरच्या धरणात! स्वतःलाच दटावलं आणि पुढे बघितलं. विमान बरं उतरवलं म्हणतात. मला काही आठवत नाही.

पहिल्यांदा एकट्याने उडालेल्याच्या अंगावर बादलीभर पाणी ओततात, रीतच आहे. सगळे टाळ्या वाजवत होते. पाणी नाकातोंडात गेलं आणि मी तिथेच खाली बसून रडलो. बाबांच्या नाकातोंडात किती गेलं असेल? मॅडमनी टॉवेल दिला.

उद्या आईला सांगणार. मग तिने घराबाहेर काढलं तरी चालेल.

१० फेब्रुवारी, सोमवार

आई पडवीत सुकट निवडत होती. सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"जेटीवर यायच्या आदी साहेब घरी आलेले. मला पण विचारलंनी. मी पण वेळणेश्वरच सांगितलं."

"तुला जागा ठाऊक होती?"

"बाबा मला बोललेले, निहारला पण सांगू नको."