पूल आपल्या वावराकडे गेला

प्रिय गोविंदादादा,

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितेय. तुझी सरपंचकीची पाच वर्षं संपून पद महिलांसाठी राखीव झालं तेव्हा तू खामगावहून येऊन आईसमोर म्हणालास, "नाव प्रेरणाचं, कारभार माहा." आई हसली, मीही हसले. त्या हसण्याचा आता मला संताप येतो.

आठ दिवस मतं मागत दारोदार फिरतेय. लोक दार लावत नाहीत. बसायला सांगतात, पाणी देतात आणि मग सुनावतात. पुंजाजीकाका म्हणाले, "तुह्या भावानं पाच वर्षांत आमच्या गल्लीत पाय नाई ठेवला, अन् तू आता कायले आली?" तानुबाईंनी नळ सोडून दाखवला, नुसती हवा फुसफुसली. तू शिकवलंस तसं मी हात जोडून "पाहू, करू" म्हणत राहिले.

काल नाल्यापलीकडे बौद्ध वस्तीत गेले. तिथली मतं आपली नाहीत, वेळ घालवू नको, असं तू बजावलं होतंस. सिंधूताई दारात बसल्या होत्या. मी पत्रक पुढे केलं, त्यांनी घेतलं नाही. "माही सून आठोते काय तुले? मनाली?" आठवत होती, दादा. शिवणक्लासात माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. गेल्या श्रावणात तिला कळा सुरू झाल्या तेव्हा नाला भरून वाहत होता. ॲम्ब्युलन्स नाल्याच्या अलीकडच्या काठावरच थांबली. चौघांनी बाजेवर घालून तिला कमरेएवढ्या पाण्यातून आणलं. बाळ वाटेतच गेलं. मनाली माहेरी गेली ती परत आलीच नाही. "पूल तं आमच्यासाठी मंजूर झालता ना बाई? मंग तो तुमच्या वावराकडं कसा गेला?"

कसा गेला ते मला ठाऊक होतं. पुलाची जागा बदलून मागणारं पत्र तू सांगत गेलास आणि मी लिहीत गेले: वस्तीपेक्षा शेतशिवाराला पुलाची अधिक गरज आहे. माझं अक्षर चांगलं, म्हणून. काल तोंडातून "पाहू, करू" निघेना. "ते पत्र मी लिहिलं," एवढंच म्हणाले. सिंधूताई म्हणाल्या, "मले एकटीले सांगून काय होते? चार लोकांत सांग."

उद्या प्रचाराचा शेवटचा दिवस. सभा चावडीसमोर होणार नाही, वस्तीत होईल. पुलाचं सगळं मी माईकवरून सांगणार आहे, तुझं नाव घेऊन आणि माझंही. अर्ज मागे घ्यायची मुदत टळून गेलीय, तेव्हा आता तू मला बसवू शकत नाहीस. मतं जातील, जाऊ देत. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून हे पत्र आजच माणसाहाती पाठवतेय. यायचं असेल तर ये. स्टेजवर तुझी खुर्ची नाही. खाली सतरंजीवर बसावं लागेल, आणि लोक बोलतील ते मधे न बोलता ऐकावं लागेल.

तुझीच, फार रागावलेली,
प्रेरणा