दुपारची गोळी

आई,

बाबांच्या उचकीच्या गोळ्यांचं पाकीट दहाचं आहे. सोमवारपासून तीन दिवसांत नऊ संपायला हव्या होत्या. आज सकाळी मोजल्या, तर आत चार होत्या. सकाळची आणि रात्रीची मीच देते, म्हणजे दुपारच्या तिन्ही राहिल्या.

तू विसरली नाहीस, हे मला माहीत आहे. परवा मावशीला फोनवर म्हणालीस ते मी ऐकलं. "पुष्कर आठवण काढत असेल त्यांची. काढू दे की गं, मी कशाला थांबवू?"

आई, या उचक्या पक्षाघाताने मेंदूला झालेल्या इजेमुळे येतात. काल पेज भरवताना मध्येच उचकी आली आणि बाबांना केवढा ठसका लागला, पाहिलंस ना? घास श्वासनलिकेत गेला तर काय करायचं? आज दुपारी जेवणानंतर गोळी दे, पण एकच. राहिलेल्या भरून काढायच्या नाहीत. गोळीने गुंगी येते, म्हणून बाथरूमला त्यांना एकटं सोडू नकोस.

तू पहाटेपर्यंत जागी होतीस, म्हणून उठवलं नाही. येताना विद्यानगरहून नवं पाकीट आणते.

आणखी एक. पुष्करदादाचं नाव घरात काढायचं नाही असं बाबांनी बजावलं होतं, तरी काल लॅबमधून मी त्याला फोन केला, दीड वर्षाने. आमची आठवण काढतोस का, हे उचकीवर सोडण्यापेक्षा सरळ त्यालाच विचारलं. चार मिनिटं बोलला. तेवढ्यात "आई कशी आहे?" हे त्याने तीनदा विचारलं.