पद्मजागडाची वेस

रविवार, १२ जानेवारी

आज मी एक वाक्य गाळले.

दर रविवारी सकाळी आयसेलिनहून उल्हासकाकांचा फोन येतो आणि मी मॉरिसव्हिलच्या स्वयंपाकघरात उभा राहून त्यांना नियमपुस्तिका वाचून दाखवतो. खेळ टपालाने चालणारा — आजच्या युगात! बुटके, यक्ष, राक्षस, त्यांची राज्ये. प्रत्येकाने आपल्या आज्ञा कागदावर लिहून ओहायोतील एका निवृत्त पंचाकडे धाडायच्या. तो सर्वांची पत्रे एकदम उघडतो, युद्धांचा निकाल लावतो आणि छापून परत पाठवतो. ईमेल त्या महर्षींना निषिद्ध.

काका बुटक्यांचे राजे, अस्मादिक यक्षांचे सम्राट. दोन्ही मित्रराष्ट्रे. काकांच्या दृष्टीच्या मधोमध हल्ली एक धूसर डाग बसला आहे. आज्ञा ते जाड मार्करने लिहितात, पण पुस्तिकेतील सूक्ष्म अक्षरे त्यांना दिसत नाहीत. म्हणून मी. सम्राट, तथा पुराणिक.

"हं, सांग," काका म्हणाले. "मित्राची, म्हणजे तुझी अर्धी फौज गडात घेतली तर काही रिस्क?"

मी धीरगंभीर स्वरात भाषांतर करीत वाचले — मित्रराष्ट्राच्या सैन्यास गडात मुक्त प्रवेश आहे. आणि थांबलो. पुढचे वाक्य असे: मैत्री मोडण्याची आज्ञा फेरीच्या अखेरीस अमलात येते, सबब संशय असल्यास वेस बंद ठेवावी. म्हणजे मित्र म्हणून आत शिरायचे, आणि फेरी संपता संपता आतूनच गड घ्यायचा.

"एवढंच?"

"एवढंच, काका."

"छान लागतो रे तुझा आवाज नियम वाचताना."

सोमवार, १३ जानेवारी

आज्ञापत्र सिद्ध केले. पहिली आज्ञा: अर्धी सेना पद्मजागडाकडे, मित्र म्हणून. दुसरी: मैत्री समाप्त. टपालात टाकले.

पद्मजागड हा काकांचा एकमेव बळकट गड. खिंडीच्या तोंडावर. नाव अर्थातच काकूंचे. तो ज्याच्या हाती, त्याच्या हाती संपूर्ण उत्तर दिशा! राजनीतिशास्त्रात ह्या उपायास 'भेद' म्हणतात. घरात काय म्हणतात, ते सौभाग्यवती इलेला विचारले नाही.

बुधवार, १५ जानेवारी

विचारावे लागले नाही. नकाशा मेजावरच राहिला होता, शेजारी पुस्तिका, गाळलेल्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ.

"काकांना दिसत नाही म्हणून तू ते गाळलंस?" इला.

मी सविस्तर प्रतिपादन केले की प्रतारणा हे ह्या क्रीडेचे मान्यताप्राप्त अंग आहे, पुस्तिकेच्या प्रस्तावनेतच तसे —

"मग खेळात फसव की! वाचताना कशाला फसवतोस?"

कन्येने फ्रिजमधून मान बाहेर काढली. "बाबा, इट्स लिटरली एल्व्ज."

केयाच्या पाठिंब्याने बरे वाटायला हवे होते. वाटले नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

क्षुधा उत्तम. निद्रा मध्यम. अंतःकरण — पुढील प्रश्न विचारावा.

रविवार, १९ जानेवारी

काकांचा फोन. नियम एकही विचारला नाही!

"तुझी फौज निघाली ना? माझं पत्र कालच टाकलं. आणि हे बघ, तुझी राजधानी मागे अर्धी रिकामी राहणार. म्हणून माझे थोडे बुटके पाठवतोय तिकडे. सोबतीला."

सोबतीला! 

पाठीमागून काकू: "अरे, यक्ष काय खातात विचार त्याला. माझ्या गडावर येतायत, तर शंकरपाळे करून ठेवते."

"खातील काहीही," मी म्हटले. सम्राटाच्या मुखातून एवढेच निघाले.

ह्या देशात आलो तेव्हा पहिला हिवाळा ह्यांच्याच तळघरात काढला. भाडे विचारले तर काका म्हणाले होते, "आधी ड्रायव्हिंग शिक, मग बघू." शिकवलेही त्यांनीच, ओक ट्री रोडवरच्या शनिवारच्या गर्दीत. मी त्यांची गाडी एका साडीच्या दुकानासमोर खांबाला ठोकली. काकूंना त्यांनी सांगितले, "मी ठोकली." आजतागायत काकूंना तेच ठाऊक आहे.

आणि मी त्यांना एक वाक्य वाचून दाखवले नाही. दोन ओळींचे!

मंगळवार, २१ जानेवारी

सुधारित आज्ञापत्र मुदतीच्या आत पोचल्यास जुने बाद ठरते, ही पंचांची कृपा. मुदत गुरुवारची. काल सरकारी सुट्टी, टपाल कचेरी बंद. आज दार उघडायच्या आत दारात उभा.

"अर्जंट?" खिडकीतल्या बाईंनी विचारले.

"व्हेरी," मी म्हटले. त्यांनी माझ्याकडे अशा काही सहानुभूतीने पाहिले, की जणू माझ्या घरात कोणी आजारी असावे.

मैत्री मोडण्याची आज्ञा रद्द केली. इतक्याने भागेना. प्रायश्चित्तार्थ उर्वरित अर्धी सेनाही, राजवाड्याच्या द्वारपालांसकट, पद्मजागडाच्या रक्षणासाठी धाडली. राक्षस आले तर पहिला बाण आम्ही झेलू. बाहेर पडलो तेव्हा छाती जरा हलकी वाटली. राजधानीची चिंता नाही. तिथे काकांचे बुटके आहेत.

बुधवार, २२ जानेवारी

इला म्हणाली, "आज्ञा बदललीस हे ठीक. पण त्यांना सांगितलंस का?"

संध्याकाळी मीच फोन लावला. म्हटले, काका, त्या रविवारी एक वाक्य राहिले. राहिले नाही, मी गाळले. मग ते वाचून दाखवले. धीरगंभीर स्वर काही केल्या लागेना.



"तुमचा गड घेणार होतो, काका. पण ऑर्डर कॅन्सल केली. उलट होतं नव्हतं तेवढं सगळं सैन्य तुमच्या रक्षणाला पाठवलंय."

"सगळं?"

"द्वारपालसुद्धा."

काकांनी कप खाली ठेवल्याचे ऐकू आले. मग म्हणाले, "अरे अरे अरे." आणि मग, "चहा निवतोय माझा." फोन ठेवला.

इतकी वर्षे ओळखतो. निवलेल्या चहासाठी ह्या माणसाने कधी फोन ठेवलेला नाही.

रविवार, २६ जानेवारी

फोन आला नाही.

पुस्तिका मात्र ओट्यावर उघडी ठेवली होती. इलेने ती न बोलता बाजूला सरकवली आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

मंगळवार, २८ जानेवारी

स्वतःला मुत्सद्दी समजणाऱ्या इसमाने ह्या सप्ताहात दोनदा नंबर लावला आणि दोन्ही वेळा घंटी वाजण्यापूर्वीच बंद केला.

शनिवार, १ फेब्रुवारी

निकाल आला. पद्मजागड सुरक्षित. माझी समग्र सेना तटावर खडा पहारा देत उभी. राजधानी गेली! मित्र म्हणून आत आलेल्या बुटक्यांनी फेरीच्या अखेरीस मैत्री मोडली.

फोन केला. काकूंनी उचलला.

"तो येत नाही रे फोनवर. लाजतोय. अनयानं दिवाळीलाच ते पुस्तक मोठ्या अक्षरांत छापून दिलंय आजोबाला, पाठ आहे त्याला सगळं. तू ते वाक्य गाळलंस तर दिवसभर हसत होता — म्हणे, थांब, आता दाखवतो लेकाला! आणि त्या बुधवारी तुझा फोन आला, तर स्वेटर न घालता धावला कोपऱ्यावरच्या टपालपेटीकडे. खांद्यापर्यंत हात आत! म्हटलं, अरे, पत्र जाऊन चार दिवस झाले, पेटीत काय शोधतोस?"

मी पुस्तिका पुढ्यात ओढली. मग म्हटले, "त्यांना सांगा, उद्या रविवार आहे. तहाचे नियम वाचायचे राहिलेत."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग लांबून, अगदी बारीक —

"पान कितवं, विचार त्याला."