वर्गाविना पदवी

नॉर्थ हेबरन, आयोवा
ता. ९ जानेवारी २०१८

चि. सौ. एलोईसा हिस,

अ. उ. आ. प्रभूच्या कृपेने येथे सर्व क्षेम. तुम्हा उभयतांचे क्षेम कळवावे.

नाताळात तू नेलेलं माझं झाकणाचं काचेचं भांडं अजून परत आलेलं नाही. हार्लन इकडे डुकरं भरायला ट्रक घेऊन येईल तेव्हा त्याच्याबरोबर पाठव. कागदात गुंडाळून, नुसतं सीटवर ठेवून नव्हे.

आता मुद्द्याचं. पैशाचं बोलणं मी फोनवर करत नाही, म्हणून हे पत्र. फोनवर माणूस वाटेल ते बोलतो आणि मागाहून, मी असं म्हटलंच नव्हतं, म्हणून हात झटकतो.

गेल्या मंगळवारी बँकेचा कागद आला. तुझ्या शिक्षणाच्या कर्जाला मी जामीन, त्यामुळे एक प्रत मलाही येते. त्यात म्हटलंय की विद्यार्थिनी गेल्या ऑगस्टपासून निम्म्या वेळेचीसुद्धा विद्यार्थिनी राहिलेली नाही, सबब मार्चपासून हप्ते सुरू. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दुसऱ्याच दिवशी तुझं पाकीट, की पदवी संपतच आली आहे, शेवटच्या सत्राच्या नव्या कर्जावर सही करा. आता बँक म्हणते ही शिकत नाही आणि सून म्हणते शिकून झालं. यातलं मी कुठलं धरू?

शेजारच्या ट्रीनाची भाची सू सिटीत असते. तिने तुला भर दुपारी कॉलेजातून बाहेर पडताना पाहिलं. हातात ना वही ना पुस्तक, आणि तोंडभर हसू. शिकणारं माणूस दुपारी असं हसत बाहेर पडत नाही, असं ट्रीना म्हणाली. मलाही तसंच वाटलं. हार्लनला विचारलं तर तो म्हणाला की आई, मी रस्त्यावर असतो, ती पास होते एवढं मला ठाऊक. बापासारखाच भोळा आहे.

वर्गात जात नव्हतीस तर कर्जाचे पैसे गेले कुठे, ते लिही. माझं घर बिनकर्जाचं आहे. ते तसंच ठेवून मी देवाघरी जावं, याहून जास्त मी काही मागत नाही.

माया आहे ती राहू दे, तिला तडा जाईल असं काही करू नकोस.

तुझी सासू,
हर्मिना


सू सिटी
ता. १५ जानेवारी

ती. आईंस,

सा. न. वि. वि. आपलं पत्र मिळालं. भांडं धुऊन ठेवलं आहे. रिकामं पाठवायला बरं वाटेना, म्हणून त्यात माझ्या आईच्या हातचे मक्याच्या पिठाचे तमाले भरून पाठवते. मिरची कमी घालायला सांगितली आहे, घाबरू नका.

आई, गेल्या ईस्टरच्या जेवणात मी कॉलेजची फी सांगितली तेव्हा आपण बटाटे वाढता वाढता काय म्हणालात, आठवतं? आपण म्हणालात की जे माणसाला आधीच येतं त्यासाठी बाकावर बसायचे पैसे कशाला मोजायचे. सगळे हसले. मी मात्र घरी येऊन नेमकं तेच शोधून काढलं. अशा परीक्षा असतात. विषय घरी वाचायचा, कॉलेजातल्या परीक्षा केंद्रात दीड तास बसायचं, पास झालं की कॉलेज तो विषय झाला असं धरतं आणि त्याचे क्रेडिट देतं. खर्च वर्गाच्या फीच्या दहाव्या हिश्शाएवढाही नाही. कर्जातून ती फी भरता येत नाही, म्हणून मी ती पगारातून भरली. कर्ज घेतलं ते पहिल्या वर्षाच्या वर्गांचं, आणि ते थेट कॉलेजकडेच गेलं. नंतर मी कर्ज उचललंच नाही.

इतिहास झाला, समाजशास्त्र झालं, हिशेबाच्या पेपरात त्रेसष्ट मिळाले, आणि स्पॅनिशच्या एकाच परीक्षेत तर चार विषयांइतके क्रेडिट पडले! भाचीबाईंनी मला पाहिलं ते त्याच दिवशी. हसू का नये?

घोळ एवढाच, की बँक वर्ग मोजते, परीक्षा मोजत नाही. मी जितकी भराभर पुढे गेले तितकं बँकेला वाटलं की ही कॉलेज सोडून निघाली. दोन वर्षांच्या पदवीतले आता उरले दोन विषय. ते मात्र वर्गातच करावे लागतात, पदवी देणाऱ्यांची तेवढी अट आहे. दोन विषय म्हणजे बरोबर निम्मा वेळ, म्हणून त्यांच्यासाठी कर्ज मिळतं आणि मार्चचे हप्तेही थांबतात. हार्लनच्या डोक्यावर ट्रकचं कर्ज असल्याने बँक त्याची सही घेत नाही. आपली सही २३ फेब्रुवारीच्या आत पोचली पाहिजे. आमच्या वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक बाई जूनमध्ये निवृत्त होतात. त्यांची जागा मला देऊ म्हणतात, पण पदवी हातात असली तरच.

ट्रीनाबाईंना आणि त्यांच्या दुर्बिणीला नमस्कार.

आपला हात पाठीवर असू द्यावा.

आपली सून,
एलोईसा


नॉर्थ हेबरन
ता. २४ जानेवारी

चि. सौ. एलोईसा हिस,

अ. उ. आ. भांडं पोचलं, झाकणासकट. तमाले मी खाल्ले. कमी मिरची म्हणजे तुमच्याकडे काय समजतात, ते मला कळलं. तरी दोन खाल्ले.

तुझं पत्र वाचलं आणि जास्तच काळजीत पडले. दीड तासात एक विषय? हार्लनला बीजगणिताला अख्खं वर्ष लागलं आणि तरी तो काठावर सुटला. रविवारी उपदेश सुरू होताच मी नेहमीसारखं पेपरमिंट तोंडात टाकलं, ते विरघळून गेलं तरी पाळकसाहेब काय म्हणाले ते एक अक्षर कळलं नाही. उपासना सुटल्यावर, कोणाचं नाव न घेता, त्यांना विचारलं. ते म्हणाले की घरबसल्या पैसे पाठवून डॉक्टर झालेले दोघे त्यांच्या ओळखीचे आहेत. भिंतीवर चौकट लावतात म्हणे, सोनेरी.

आणि स्पॅनिशचं काय सांगतेस? आईशी ज्या भाषेत भांडतेस तिचे चार विषयांचे क्रेडिट! मग मला पाव भाजण्याची पदवी द्या. माझ्या आईला डच यायचं, तिला कोणी काही दिलं नाही.

माझं वाक्य माझ्याच गळ्यात घालू नकोस. बटाटे वाढताना मी बोलते ते काही शास्त्रवचन नव्हे. जी वस्तू अति स्वस्त मिळते ती एक तर नासकी असते नाही तर चोरीची. इतकी वर्षं घरखर्च लिहून मला एवढं कळतं. उद्या वृद्धाश्रमाने ती पदवी खोटी ठरवली, तर नोकरी तुझी जाईल आणि बँक माझ्या दाराशी उभी राहील. शिवाय तू सांगतेस त्यातलं काहीच मला माझ्या डोळ्यांनी दिसत नाही. ना शिक्षक, ना वर्ग. दिसतो तो बँकेचा कागद.

तेव्हा मी सही करणार नाही. वाईट वाटेल, पण गोड बोलून टांगून ठेवण्यापेक्षा स्पष्ट सांगते.

थंडी फार आहे, कामावर जाताना कान झाकून जा. मनात धरू नकोस.

हर्मिना


सू सिटी
ता. १ फेब्रुवारी

ती. आईंस,

नमस्कार.

सही करू नका. पुन्हा मागणार नाही. मार्चपासूनचे हप्ते मी भरेन, एकही चुकणार नाही. उरलेले दोन विषय पैसे साठतील तसे करीन, या वर्षी एक, पुढल्या वर्षी एक. व्यवस्थापकाची जागा तोवर दुसऱ्या कोणाला मिळेल. मिळू दे.

एवढंच सांगते की मी पुस्तक कपडे धुण्याच्या यंत्रावर ठेवून उभ्याने वाचलेलं आहे, कारण बसले की झोप येते. हार्लनने ते पाहिलं आहे, पण तो भोळा. आपल्या घरात येऊन मला सहा वर्षं झाली. आजही मी जेवणाआधी आमच्या कॅथलिक रीतीने क्रूसाची खूण करते तेव्हा आपण खिडकीबाहेर बघता. तेव्हा शंका परीक्षेची आहे की माझी, ते आपणच ठरवा.

परीक्षेचीच असेल, तर एकदा स्वतः बसून बघा. वयाची अट नाही. शाळेचा दाखलासुद्धा मागत नाहीत.

एलोईसा


सू सिटी
ता. १६ फेब्रुवारी

ती. आईंस,

सा. न. वि. वि. आपलं उत्तर आलं नाही. मीही लिहिणार नव्हते. पण एक गोष्ट कानावर आली आणि राहवेना.

दुर्बीण फक्त ट्रीनाबाईंकडेच असते असं नाही. माझी मावसबहीण ग्रिसेल्दा कॉलेजच्या कँटीनमध्ये आहे. तिने सांगितलं की काल निळा कोट घातलेली एक बाई आली, काही विकत न घेता फुकटचं गरम पाणी मागून घेतलं आणि पर्समधून स्वतःची चहाची पुडी काढून त्यात बुडवली. तेवढ्यावरून मी ओळखलं. आपण सू सिटीत आलात, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर होतात, आणि घरी आला नाहीत. हार्लनने ट्रीनाबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या की हर्मिना चर्चच्या गाडीतून दवाखान्यात गेली. कुठला दवाखाना ते त्यांना सांगता येईना.

आई, आपण माझी तक्रार करायला गेला होतात का? सही दिली नाहीत ते मी गिळलं. पण माझे झालेले विषय कोणी रद्द केले, तर मला पुन्हा उभं राहता येणार नाही. ग्रिसेल्दा म्हणाली की त्या बाई परीक्षा केंद्राच्या बाजूनेच आल्या, आणि त्यांचा चेहरा भांडून आल्यासारखा लाल होता.

काय केलंत तेवढं कळवा. आपल्याला फोन करायला हार्लनला धीर होत नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

एलोईसा


नॉर्थ हेबरन
ता. २० फेब्रुवारी

चि. सौ. एलोईसा हिस,

अ. उ. आ. आधी जीव शांत कर. मी कोणाकडे तक्रार केलेली नाही. तुझे विषय जागच्या जागी आहेत.

मी परीक्षेला बसले होते.

तुझ्या आधीच्या पत्रातलं, स्वतः बसून बघा, हे वाक्य मला झोंबलं. मी म्हटलं, बघतेच. मी हायस्कूलपुरती शिकलेली बाई. मी जर पास झाले, तर ती परीक्षा कोणीही पास होऊ शकतं, म्हणजे ती खोटी. तसा कागद घ्यायचा आणि पाळकसाहेबांपुढे, हार्लनपुढे आणि तुझ्यापुढे ठेवायचा. विषय मुद्दाम हिशेबाचा निवडला, कारण लग्नाच्या दिवसापासून आजवर माझ्या वहीत एक सेंट इकडचा तिकडे झालेला नाही. चर्चच्या केक-विक्रीतला माझा वाटा फीला घातला. ट्रीनाला दवाखाना सांगितला, ते खोटं बोलले. त्याची क्षमा जिच्याकडे मागायची तिच्याकडे मागून झाली. अजून रुसलेली आहे.

त्या केंद्रातल्या मुलीने माझी पर्स काढून घेतली, घड्याळ काढून घेतलं, कोटाचे खिसे उलटे करायला लावले आणि पेपरमिंटसुद्धा कपाटात बंद केलं. मी तिला सांगितलं की बाळ, पेपरमिंटशिवाय मी आजवर कुठलीच गंभीर गोष्ट ऐकलेली नाही. ती म्हणाली की नियम आहे. डोक्यावर कॅमेरा, दोन्ही बाजूंना पडदे. आमच्या चर्चच्या वडीलमंडळींच्या चौकशीतही माणसाला एवढं पारखत नाहीत.

पहिले प्रश्न आले, ते सोडवले. मग विचारलं की दुकानदाराने डिसेंबरात माल उधार दिला, पैसे फेब्रुवारीत येणार, तर उत्पन्न कुठल्या महिन्याचं? यात विचारायचं काय? पैसे ज्या दिवशी हातात पडतील त्या दिवसाचं. पण त्यांना डिसेंबर हवा होता, हे मला पुढल्या प्रश्नांवरून कळलं. जे आलेलं नाही ते आलं असं लिहायचं! मला ते खोटी साक्ष दिल्यासारखं वाटलं. उत्तर काय हवंय ते कळत असूनही मी प्रत्येक वेळी फेब्रुवारीच लिहिला. मग यंत्र जुनं होतं म्हणून दर वर्षी त्याची किंमत खर्चात टाका म्हणतात, खिशातून काही गेलेलं नसताना. माझं शिवणयंत्र हार्लनपेक्षा वयाने मोठं आहे आणि अजून पडदे शिवतं. तिथेही मी माझंच लिहिलं. बाकी बरंच होतं जे मला खरोखरच येत नव्हतं. ते मी तत्त्वाच्या खात्यात घालणार नाही.

निकाल लगेच पडद्यावर येतो. पास व्हायला पन्नास लागतात. मला एकेचाळीस.

राग आला, तो ग्रिसेल्दाने पाहिला. गरम पाणी घेऊन बसले. चहा अर्धा झाल्यावर ध्यानात आलं की ज्या पेपरात मला एकेचाळीस पडले, त्यात तुला त्रेसष्ट होते. कामावरून येऊन, यंत्रावर पुस्तक ठेवून, उभ्याने. मग उरलेला चहा गेला नाही. तुमच्या घरी यायचं मनात आलं होतं, पण त्या तोंडाने दारात उभं राहवेना.

परीक्षा खरी आहे. तूही खरी आहेस. शंका कुणाची होती, असं विचारलं होतंस. दोन्हींची होती. पुढल्या वेळी जेवायला बसशील तेव्हा मी खिडकीबाहेर बघणार नाही.

सही केलेला कागद सोबत आहे. हे पत्र रजिस्टर्ड टपालाने पाठवते, त्याला जास्त पैसे पडतात, पण तेवीस तारीख चुकायला नको.

आणखी एक सांगते. काल वहीत महिन्याचा हिशेब लिहायला बसले. तुझी पदवी अजून आलेली नाही, जूनपर्यंत येणारही नाही. तरी फेब्रुवारीच्या पानावर जमेच्या बाजूला मी ती लिहिली. पेन्सिलने नव्हे, शाईने. पुस्तकवाल्यांची रीत बरोबर असेल तर ती तुझी झालेलीच आहे.

हार्लनला सांग, आई बरी आहे आणि भोळी नाही. येता रविवार मोकळा ठेव, भांडं रिकामं आहे.

जीव लावला आहेस तसाच लावून ठेव, हीच सासूची विनंती.

तुझी,
आई

ता. क. तीन महिने पुन्हा बसू देत नाहीत, असं ती मुलगी म्हणाली. म्हणजे मे महिन्यात. तुझं ते हिशेबाचं पुस्तक यंत्रावरून काढलं असशील, तर हार्लनबरोबर पाठव. कागदात गुंडाळून.