सरांचा टॉवेल

भामरागड, मंगळवार, संध्याकाळ

पुलावर अजून पाणीच. बाळंतपणात अडलेल्या बाईला गडचिरोलीला पाठवणं शक्यच नव्हतं. सिझेरियन इथंच करायचं, तेही आमच्या तरुण डॉक्टर मॅडमनी, पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं. शिकवायला पदरच्या खर्चानं आलेले नागपूरचे सर्जन सर शेजारी उभे, ग्लोव्ह्ज घातलेले हात टॉवेलात गुंडाळून.

बाळ रडलं, आणि मग रक्त वाढलं. मॅडमचे हात थांबले. मला वाटलं, आता सर पुढं होतील. व्हायला नको होतं का? पण ते जागचे हलले नाहीत. एवढंच म्हणाले, "घाई नको करू. आधी दाबून धर, मग दिसंल तुले."

दिसलं. मॅडमनी टाका घेतला, रक्त थांबलं.

चहा घेताना मॅडम मला म्हणाल्या, "सिस्टर, सर किती शांत होते. त्यायच्याकडे पाहूनच मले धीर आला."

मी हो म्हटलं. सरांचा टॉवेल मीच उचलला होता. धुणं पिळावं तसा पिळलेला, काठाची शिवण उसवलेली. तरी हात बाहेर काढले नाहीत त्यांनी.

मॅडमना सांगू? नको. पुढल्या पुरात सर इथं नसतील. तेव्हा मॅडमना हेच शांत सर आठवायला हवेत.

शिवण मी घालून ठेवली.